शैवाल आणि शंबूक

ज्या गावी उन्हाळ्यात नळाला आठवड्यातून एकदा पाणी येते आणि घरातील प्रत्येक हंड्याचा हिशेब ठेवावा लागतो, त्या गावी काचेची पेटी पाण्याने भरून तीत मासे पाळावेत की नाही, ह्याविषयी घरोघर मतभेद असणारच. आमच्या घरी तो चांगलाच होता. ढोकी तेरणेच्या खोऱ्यात असली तरी तेरणा ही काही बारमाही दुथडी वाहणारी नदी नव्हे. आणि एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी न्यावे लागले, तो प्रसंग आमच्या भागातील कोणीही विसरलेला नाही. अशा प्रदेशात छप्पन्न लिटर पाणी केवळ शोभेसाठी अडवून ठेवणे ही निव्वळ चैन होय, असा आमच्या कुटुंबाचा अभिप्राय पडला. नातवाला मात्र मासे हवे होते, आणि वाढदिवसाच्या निमित्ताने त्याच्या मामाने दोन फूट लांब, एक फूट रुंद व तितकीच उंच अशी पेटी लातुराहून आणूनही टाकली होती.

पेटीबरोबर दुकानदाराचा उपदेशही आला. दर आठवड्यास पाव हिस्सा पाणी काढून टाकावे व तितकेच ताजे घालावे, असा तो उपदेश. पाव हिस्सा म्हणजे चौदा लिटर, म्हणजे जवळजवळ एक हंडा. सूनबाईंनी नेमके तेथेच बोट ठेवले. “बाबा, एकदा भरलेल्या पेटीला माझी हरकत नाही, पण दर आठवड्याला हंडाभर पाणी मोरीत ओतलेले मला पाहवणार नाही,” असे त्या म्हणाल्या. हे बोलणे वावगे नव्हते. तेव्हा मासे पाळावेत की नाही हा वाद बाजूला राहून, पाणी न दवडता ते पाळता येतील काय, असा प्रश्न उभा राहिला, आणि तो सोडविण्याची जबाबदारी साहजिकच सेवानिवृत्त व रिकाम्या अशा आमच्याकडे आली.

पाणी बदलावे का लागते, हे आधी पाहिले पाहिजे. माशांच्या उत्सर्गातून आणि न खाल्लेल्या अन्नाच्या कुजण्यातून अमोनिया निघतो, आणि तो माशांस विषासमान असतो. वाळूत व दगडांवर वस्ती करणारे सूक्ष्म जंतू त्याचे प्रथम नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. हे शेवटचे द्रव्य बरेच सौम्य असते, पण ते साठत जाते. आता आमच्या शेतकरी वाचकांस सांगावयास नको की अमोनिया काय किंवा नायट्रेट काय, दोन्ही पिकाची खतेच आहेत. म्हणजे जे माशाचे विष तेच वनस्पतीचे अन्न. पेटीत जोमाने वाढणारी वनस्पती असेल, तर पाणी बदलण्याचे पुष्कळसे काम ती मुकाट्याने करीत असते.

ही गोष्ट नवी नाही. लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन नावाचा एक रसायनशास्त्रज्ञ होता. त्याने १८४९ साली बारा गॅलन मावणारे काचेचे पात्र अर्धे भरले, तळाशी वाळू व माती घातली, आणि दोन लहान सोनेरी मासे व व्हॅलिस्नेरिया नावाच्या पाणगवताचे एक रोप त्यात सोडले. प्रारंभी सारे उत्तम चालले. पुढे गवताची जुनी पाने पिकून कुजू लागली, पाणी गढूळ झाले, काचेवर हिरवा बुळबुळीत थर बसला. दुसरा कोणी असता तर त्याने पात्र उपडे केले असते. वॉरिंग्टनने तळ्यातल्या पाच-सहा गोगलगायी आणून त्यात सोडल्या. त्यांनी कुजकी पाने व थर खाऊन फस्त केला, पाणी निवळले, आणि त्यांनी घातलेली अंडी माशांच्या खाण्यात आली. हा वृत्तांत त्याने १८५० साली तेथील रसायनशास्त्रज्ञांच्या सभेपुढे ठेवला. ‘अक्वेरियम’ हा शब्द फिलिप हेन्री गॉसच्या १८५४ सालच्या ग्रंथामुळे रूढ झाला. म्हणजे मत्स्यपेटीला तिचे आजचे नाव मिळण्यापूर्वीच पाणगवत आणि गोगलगाय ह्यांची जोडी जमून गेली होती. आजचे दुकानदार यंत्रे विकतात आणि ह्या जोडीविषयी अवाक्षर काढीत नाहीत, ह्याचे आम्हांस राहून राहून नवल वाटते.

आम्हीही पहिले रोप घेतले ते व्हॅलिस्नेरियाचेच. अंतोनिओ व्हॅलिस्नेरी ह्या इटालियन पंडिताच्या नावावरून हे नाव पडले असले, तरी ह्या जातीची गवते आपल्या देशातील नद्यांत व तळ्यांत आपोआप उगवतात. फितीसारखी लांब पाने, वाळूत पसरणारे धावते खोड, आणि त्या खोडातून हात-हातभर अंतरावर फुटणारी नवी रोपे. त्याच्या विवाहाची रीत तर मोठी मौजेची आहे. नरफुले पाण्याखालीच देठापासून सुटतात व तरंगत वर येतात. मादीफूल लांब देठावर पृष्ठभागी येऊन त्यांची वाट पाहते. आणि परागसंगम झाला की तो देठ मळसूत्रासारखा वळून फळास पुन्हा पाण्याखाली ओढून नेतो. अमरकोशाच्या वारिवर्गात शैवालाला ‘जलनीली’ असा एक सुंदर पर्याय दिला आहे. कोशकाराच्या डोळ्यांपुढे हीच वनस्पती होती असे आम्ही म्हणत नाही. पण नाव मात्र तिला शोभते.

रोपांबरोबर, न मागता, दुसरे एक पाहुणे आले. मुळांच्या झुबक्यात मोहरीएवढे काही कण होते. महिन्याभरात ते गव्हाच्या दाण्याएवढे झाले आणि त्यांचे रूप उमगले. लांबट, टोकदार, पेचदार, एखाद्या लहानशा तुतारीसारखा शंख. रंग तपकिरी, त्यावर तांबूस ठिपके व रेघा. आणि तोंडाशी बंद करता येणारी एक खवल्याची झडप. दिवसा हे प्राणी दिसतच नाहीत. वाळूत शिरून बसतात आणि दिवे मालवले की बाहेर पडतात. बाजारात ह्यांस ‘मलेशियन ट्रम्पेट स्नेल’ म्हणतात. शास्त्रीय नाव मेलॅनॉइड्स ट्युबरक्युलाटा. ह्यातील ‘मलेशियन’ ह्या शब्दाने कोणी फसू नये. ऑटो फ्रीडरिख म्युलर ह्या डॅनिश शास्त्रज्ञाने १७७४ साली ह्या प्राण्याचे पहिले शास्त्रीय वर्णन केले, ते आपल्या कोरोमंडल किनाऱ्यावरून नेलेल्या शंखांवरून. आफ्रिकेपासून आग्नेय आशियापर्यंत त्याचे मूळ वसतिस्थान पसरलेले आहे, आणि आपल्याकडील नद्यांच्या गाळात तो पिढ्यान्‌पिढ्या नांदतो आहे. आपल्याच गावच्या माणसाने परदेशी नाव लावून दारी यावे, तसा हा प्रकार झाला. अमरकोशात शंखाच्या कुळातील लहान मंडळींस क्षुद्रशंख, शंबूक इत्यादी नावे आहेत. आम्ही घरात ‘शंबूक’ हेच नाव रूढ केले. नातू त्यांस ‘तुताऱ्या’ म्हणतो.

आता ह्या शंबूकाचा आणि गवताच्या मुळांचा संबंध काय, ते सांगतो. पेटीतील वाळू काही महिन्यांनी दाबून बसते. तिच्यात वरून गाळ उतरतो आणि खालच्या थरापर्यंत प्राणवायू पोहोचेनासा होतो. अशा जागी वेगळ्या जातीचे जंतू वाढतात, वाळू काळी पडते, आणि ती उकरली असता कुजक्या अंड्यासारखी घाण सुटते. तो हायड्रोजन सल्फाइड वायू होय. कोवळ्या मुळांस तो घातक असतो. मुळे काळी पडून मऊ होतात आणि वरचे रोप आपोआप उपटून तरंगू लागते. लोक म्हणतात, खत कमी पडले. वस्तुतः मुळांचा श्वास कोंडलेला असतो. शंबूक रात्रंदिवस ह्या वाळूत फिरतो. त्याच्या वाटेने वाळू भुसभुशीत राहते, ताजे पाणी आत शिरते, आणि पृष्ठभागावरचा गाळ थोडाथोडा मुळांशी जाऊन त्यांस खत मिळते. निरोगी मुळेही आपल्या परीने आसपासच्या वाळूत प्राणवायू सोडतात. असे हे उभयतांचे काम एकाच थरात चालते. आमचे गाव गोरोबाकाकांच्या तेरेपासून हाकेच्या अंतरावर आहे. माती तुडविल्याशिवाय कामास येत नाही, हे आमच्याकडे कोणास सांगावे लागत नाही. मात्र हा प्राणी काही फार खोल जात नाही. वरची दोन-तीन बोटे वाळू हेच त्याचे शेत. म्हणून वाळू चार बोटांहून जाड घालू नये, म्हणजे त्याच्या आवाक्याबाहेरचा थर फारसा उरत नाही.

वाळूच्या खाली मातीचा थर देण्याची पद्धत अमेरिकेतील डायना वॉल्स्टॅड ह्यांच्या १९९९ सालच्या पुस्तकाने लोकप्रिय केली. मातीमुळे मुळांस पुष्कळ पोषण मिळते ह्यात शंका नाही. परंतु आमची काळी माती फुगणारी व चिकट, आणि शंबूकांच्या उलथापालथीने ती वर आली म्हणजे पाणी आठवडाभर चहासारखे दिसते. आम्ही नुसती धुतलेली नदीची वाळू वापरली, आणि गवत तेवढ्यावर समाधानाने वाढले.

सर्वच वनस्पतींशी ह्या शंबूकाचे सारखे जमते असे नाही. मुळाने जेवणाऱ्या आणि घट्ट रोवून बसणाऱ्या वनस्पतींस तो उपकारक आहे. व्हॅलिस्नेरिया तशी, आणि सह्याद्रीच्या ओढ्यांत आढळणारी क्रिप्टोकोरिनही तशी. ज्या पाण्यातूनच अन्न घेतात व तरंगत राहतात, त्यांस त्याचे असणे-नसणे सारखेच. आणि ज्या अगदी लहान, हिरवळीसारख्या पसरणाऱ्या, नखाएवढी मुळे असलेल्या वनस्पती हल्ली शोभेसाठी लावतात, त्यांस पहिले काही आठवडे त्याचा उपद्रव होतो. रात्री तो खालून गेला की सकाळी रोप तरंगताना दिसते. अशा रोपांस आधी मूळ धरू द्यावे, मग शंबूक सोडावेत.

ह्या प्राण्यावर मोठा आरोप आहे तो पाने खाण्याचा. त्याची शहानिशा आम्ही जरा सविस्तर केली. क्रिप्टोकोरिन एका पेटीतून दुसऱ्या पेटीत लावली की तिची जुनी पाने बहुधा विरघळून जातात. पाणी व उजेड बदलल्याचा तो परिणाम असतो, आणि मुळे शाबूत असली तर नवी पाने फुटतात. पण त्या सडत्या पानांवर रात्री विजेरी घेऊन पाहावे तो दहा-बारा शंबूक जमलेले! पाहणाऱ्याची खात्री होते की ह्यांनीच पान खाल्ले. मृताच्या घरी जमलेल्या मंडळींवर खुनाचा आरोप ठेवण्यासारखेच हे झाले. टवटवीत पानावर तो चढतो, ते त्यावरची बारीक बुरशी व हिरवा थर खरवडण्यासाठी. पानांस भोके पडत असतील तर प्रथम पोटॅशची उणीव आहे काय ते पाहावे. डबक्यांतील मोठा गोल शंख पाणवनस्पती खातो, ही गोष्ट खरी; पण त्याच्या अपराधाची शिक्षा ह्यास देणे न्यायाचे नव्हे.

दुसरा आरोप संख्यावाढीचा, आणि तो खरा आहे. ह्या जातीत बहुतेक साऱ्या माद्याच असतात. त्यांस प्रजननासाठी नराची गरज पडत नाही. त्या अंडी घालीत नाहीत. मानेजवळच्या पिशवीत पिले वाढवून ती शंखासह बाहेर सोडतात. म्हणजे एकच शंबूक आला तरी वंश चालू झाला असे समजावे. आमच्या पेटीत सहा महिन्यांत इतके शंबूक झाले की रात्री काच दिसेना. घरात पुन्हा वाद उत्पन्न झाला. चिरंजीवांनी औषध आणण्याचे ठरविले. तांब्याचा क्षार असलेली औषधे शंबूकांस निश्चित मारतात, हे त्यांचे म्हणणे बरोबर होते. कुटुंबास ही हत्या पसंत नव्हती. चातुर्मासात तर मुळीच नव्हती. आमचा आक्षेप निराळा होता. वाळूत दडलेले शेकडो जीव एकाच रात्री मेले म्हणजे ते काढणार कोण? ते तेथेच सडणार, अमोनिया एकदम चढणार, आणि शंबूकांपाठोपाठ मासेही जाणार. बार्शीच्या एका परिचित गृहस्थांकडे अगदी असेच घडले होते. दोन दिवसांत त्यांची पेटी रिकामी झाली. शिवाय त्या औषधाचा अंश मागे राहतो आणि कित्येक नाजूक वनस्पतींसही तो मानवत नाही.

तेव्हा आम्ही विचारले की, हे शेकडो जीव खातात तरी काय? निरोगी पान ते खात नाहीत. कुजकी पाने काही इतकी नव्हती. उरले माशांचे खाणे. पेटीत सहा गप्पी मासे, आणि त्यांस खाणे घालणारे हात चार! नातू सकाळी घाली, नात शाळेतून आल्यावर घाली, चिरंजीव रात्री घालीत, आणि ‘मुकी जनावरे, उपाशी राहतील’ म्हणून कुटुंब दुपारी चिमूटभर टाकी. एकत्र कुटुंबात प्रत्येकास वाटते की दुसऱ्याने घातले नसेल. ह्या साऱ्या उरलेल्या अन्नाचे शंबूक झाले होते. आम्ही डबी कपाटात ठेवली, किल्ली नातवाकडे दिली, आणि दिवसातून एकदा, मासे दोन मिनिटांत संपवतील एवढेच खाणे घालावे असा नियम केला. ज्यादा झालेल्यांसाठी रात्री काकडीची चकती तळाशी ठेवावी व सकाळी तीवर जमलेले शंबूक चकतीसह उचलावेत, असा क्रम ठेवला. ते गावातील आणखी दोन मुलांच्या पेट्यांत गेले. चार-पाच महिन्यांत संख्या आपोआप उतरली. औषधाची बाटली आलीच नाही.

आमच्या गावचे पाणी ह्या संसारास अनुकूल आहे, हेही सांगितले पाहिजे. कूपनलिकेचे पाणी जड, पातेल्यास पांढरा थर धरणारे. स्वयंपाकघरात त्याची तक्रार रोजचीच. परंतु शंख बांधावयास चुना लागतो, तो ह्याच पाण्यात असतो. व्हॅलिस्नेरियासही जड पाणी मानवते, आणि गप्पी माशांसही. ह्याउलट यंत्रातून गाळलेल्या शुद्ध पाण्याने पेटी भरणाऱ्यांचे शंख पांढुरके पडतात, शेंड्याकडून झिजतात व भोके पडून प्राणी मरतो. वनस्पतींच्या वाढीसाठी नळीने कर्बवायू सोडणाऱ्यांकडेही पाण्यास आम्लता येऊन असेच होते. मात्र उन्हाळ्यात जे पाणी नुसते उडून जाते, त्याच्या जागी जडच पाणी घालीत गेल्यास क्षार साठत जातात. त्यासाठी पत्र्यावरून धरलेले पावसाचे पाणी दोन पिंपांत राखून ठेवावे. मे महिन्यातही आठवड्यास दोन-तीन लिटरांहून अधिक ते लागत नाही. पेटीस झाकण असावे. दीड-दोन महिन्यांनी एक हंडा पाणी आम्ही काढतो, आणि तो मोरीत न जाता तुळशीस व कढीपत्त्यास जातो. सूनबाईंची हरकत ह्या हिशेबाने मिटली. इतकेच नव्हे, तर कढीपत्त्याचा रंग पाहून, हंडा दर महिन्यास काढला तर चालेल काय, अशी पृच्छाही झाली.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगावीशी वाटते. पेटीतील कोणताही जीव वा रोप नदीत, विहिरीत किंवा तलावात सोडू नये. शंबूक इथलाच, मग हरकत काय, असे कोणी म्हणेल. पण दुकानातून आलेला वाण कोणत्या देशीचा, हे ओळखणे आपल्या हाती नाही. मत्स्यपेट्यांच्या व्यापारातून हा प्राणी अमेरिका खंडात पसरला आणि तेथील पाण्यात त्याने ठाण मांडले. गोड्या पाण्यातील शंख अनेक परोपजीवी कृमींचे यजमान असतात, आणि हाही त्यास अपवाद नाही. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी गावी १९५२ साली रक्तकृमीचा मानवी रोग नोंदला गेला. तेथे संशय ज्यावर गेला तो एक टिकलीएवढा पाणशंख होता. उलटपक्षी कॅरिबियन समुद्रातील मार्टिनिक बेटावर अशाच रोगाचे वाहक शंख हटविण्यास आमचा हा शंबूक उपयोगी पडला. तेव्हा त्यास सरसकट दुष्ट किंवा साधू ठरविण्यात अर्थ नाही. पेटीत हात घातल्यावर तो साबणाने धुवावा, आणि पेटीतले पेटीतच ठेवावे. परदेशाहून शोभेसाठी आलेल्या जलपर्णीने आपल्या नद्यांचे काय केले, ते आपण पाहतोच आहोत.

शंबूकाचा आणखी एक उपयोग आम्हांस गेल्या ज्येष्ठात कळला. वादळाने तारा तुटून संध्याकाळपासून वीज गेली होती, त्यामुळे पेटीतील हवेचे यंत्र बंद होते. वनस्पती दिवसा प्राणवायू देत असल्या तरी रात्री आपणांसारख्याच तो घेतात, आणि ऊन्ह पाण्यात तो आधीच कमी असतो. पहाटे पाचच्या सुमारास आम्ही विजेरी घेऊन पाहिले तो एरवी ह्या वेळी वाळूकडे परतणारे सारे शंबूक काचेवर चढून पाण्याच्या कडेशी ओळीने चिकटले होते. मासे अजून नेहमीसारखेच फिरत होते. चिन्ह प्रथम शंबूकांनीच दाखविले. आम्ही नातवास उठविले. त्याने वाटीने पाणी उचलून उंचावरून पुन्हा पेटीत ओतण्याचे काम तासभर केले. मग त्याच्या बहिणीने, मग सूनबाईंनी. सात वाजता पूर्वेच्या खिडकीतून ऊन पेटीवर आले, आणि हळूहळू व्हॅलिस्नेरियाच्या पानांवर बारीक बुडबुडे दिसू लागले. वीज यावयास दुपार झाली. शंबूक मात्र नऊच्या आतच एकेक करून काचेवरून उतरले व वाळूत शिरले.